बदलीचा ड्रायव्हर

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुम्ही सांगितलंत तसं हे पत्र घरी न पाठवता तुम्ही काम करता त्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवतोय. फोनवर आपलं बोलणं होणं नाही, हे पटलं. परवा तुम्ही ‘जेवलात का’ एवढंच विचारलंत, तोवर दादानं तुमच्या हातातून फोन ओढून घेतला. ‘हवेचा काटा कुठं थांबतो? डावीकडचं मागचं चाक हात लावून बघितलंस का?’ मी म्हटलं, बघितलं. गाडीला चाकं बावीस. त्यातलं डावीकडचं मागचं म्हणजे नेमकं कुठलं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

खोली यार्डापासून दहा मिनिटांवर मिळालीय. अपघातानंतर दादाची गाडी तीन महिने उभी होती त्यापेक्षा त्या ठेवलेल्या ड्रायव्हरनं सहा आठवडे चालवली त्यात तिचे जास्त हाल झालेत. क्लच पार खाऊन टाकलाय. म्हणून म्हणतो, मी आलो ते बरं झालं. पण वहिनी, मी ड्रायव्हर नाही हो. लायसन्स दादानं पंचविशीत जबरदस्तीनं काढायला लावलं, चार वर्षं त्याच्या हाताखाली चालवली आणि पळ काढला. त्यानंतर चौदा वर्षं गोदामात एका खुर्चीवर बसून खोकी मोजलेला माणूस मी.

काम असं: बंदरावरून नाहीतर रेल्वेच्या यार्डातून कंटेनर उचलायचा, दोन-अडीचशे किलोमीटरच्या आतल्या कुठल्यातरी कारखान्यात पोचवायचा, रिकामा परत आणायचा. पुढं जाणं जमतं. मागं जाणं जमत नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉलीचं बूड उजवीकडे जातं. काल एका गोदामाच्या धक्क्याला गाडी लावायला मला अकरा वेळा पुढं-मागं करावं लागलं. मागं सहा गाड्या. एक जण खाली उतरून टाळ्या वाजवायला लागला. आता सगळे मला ‘साहेब’ म्हणतात, कारण मी गेटावरचे कागद सुवाच्य अक्षरात भरतो.

गोदामातून सहा महिन्यांची बिनपगारी रजा आहे. जुलैअखेर दादा त्याच्या जागेवर आणि मी माझ्या. तोवर गाडी चालती ठेवतो. त्याची तब्येत खरीखुरी कशी आहे ते कळवा.

तुमचा,
भाऊजी

*

२३ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकीट डॉक्टरांनी स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘बाई, तुम्हाला पत्रं येतात?’ जणू मला शिंगंच फुटली. मी म्हटलं, दिराचं आहे. तरी दिवसभर हसत होते.

तुमचे दादा. खरंखुरं सांगायचं तर हाड जुळलंय, माणूस जुळत नाहीये. पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी हलवलाय. रस्त्यावरून गाडी गेली की डोळे मिटून सांगतात, ‘ही रिकामी. ही भरलेली, आणि हिच्या मागच्या ब्रेकचं काही खरं नाही.’ व्यायाम शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या, हात खांद्याच्या वर न्या. हे म्हणाले, ‘हात आहे, क्रेन नाही.’ त्या रडकुंडीला आल्या. मी त्यांना चहा दिला, यांना नाही दिला.

पण एक सांगू? कुणाला म्हणून दाखवणार नाही ते तुम्हाला लिहिते. लग्नाला तेवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत हा माणूस दुपारी किती वाजता जेवतो ते मला ठाऊक नव्हतं. पाहुण्यासारखे यायचे, अंघोळ, झोप, की निघाले. आता रोज दवाखान्यातून येते तेव्हा दिवा लागलेला असतो. परवा म्हणाले, ‘तू केस विंचरताना गुणगुणतेस.’ मी म्हटलं, तेवीस वर्षं गुणगुणतेय. तर म्हणाले, ‘मला कुठं माहीत?’

गाडी मागं घेण्याचं यांना विचारलं, तुमचं नाव न घेता. म्हणाले, ‘आरशात गाडी बघू नये, जागा बघावी.’ उपयोग होतो का बघा.

वहिनी

*

३० मार्च

प्रिय वहिनी,

उपयोग झाला! गाडी नाही, जागा बघायची. काल दोन फेऱ्यांत लावली. टाळ्यावाला आला, म्हणाला, ‘साहेब, कुणाला तरी विचारून आलात.’

महिनाभर पत्र लिहिलं नाही कारण वेळ नव्हता, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. रांगेत उभं राहण्यात रोज तीन-तीन तास जातात, लिहायचं तर लिहिता आलं असतं. काय लिहावं तेच कळत नव्हतं.

रेल्वे यार्डात क्रेन वरून कंटेनर आणते आणि ट्रॉलीवर ठेवते. त्या क्षणी सगळी गाडी खाली बसते, आपल्यासकट. पाठीच्या कण्यात कळतं, आज वजन किती आहे. मग कंटेनर जखडायला चार कोपऱ्यांची कुलपं लावायची, सील तपासायचं, आणि फाटकाच्या बाहेर. आत काय आहे ते कागदावर असतं, पण मी आता वाचायचं सोडून दिलंय. चौदा वर्षं मी तेच वाचत होतो. खोकी माझ्यापर्यंत यायची आणि जायची. ती कुठून येतात आणि कुठं जातात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

परवा अडीचशे किलोमीटरवर एका टेकाडाच्या माथ्यावर गाडी उभी केली. काही कारण नव्हतं. नुसता उतरलो आणि खालचा रस्ता बघत उभा राहिलो, तो कुठंच थांबत नव्हता. पुन्हा बसलो तेव्हा वाटलं, घाई करायला हवी, कशाची ते ठाऊक नाही. खोलीवर गेलो तर झोप लागत नाही. भिंती हलत नाहीत ना. तीनदा तर केबिनमध्येच झोपलो, खोलीचं भाडं चालू असताना.

एक गोष्ट दादाला बोलू नका. मी सीट पुढं घेतलीय आणि आरसे बदललेत. त्याची उंची वेगळी, माझी वेगळी. पण पाना हातात घेतला तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं.

तो कसा आहे?

तुमचा,
भाऊजी

*

२९ एप्रिल

भाऊजी,

हे आता काठी घेऊन चालतात. सकाळी मी दवाखान्यात गेले की हेही बाहेर पडतात आणि तास-दीड तास फिरून येतात, असं शेजारीण सांगते. हायवेपर्यंत जातात म्हणे. घरी येतात तेव्हा तळहात गंजानं लाल झालेले असतात. बहुतेक पुलाच्या कठड्याला धरून चालत असावेत. मी काही विचारत नाही. माणूस पडू नये म्हणून काहीतरी धरणारच.

घरात मात्र यांना दम निघत नाही. दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं आहेत, मी मोजली नाहीत, यांच्या पावलांनी माझ्या कानाला पाठ झालीत. पंखा दुरुस्त केला, चालू पंखा. कपाटाची दारं उतरवून पुन्हा बसवली.

रविवारी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी हात वर-खाली करायला लावला, पाय दुमडायला लावला, फोटो बघितला. अजून वेळ लागेल म्हणतात. घाई नको.

तुम्ही जपून चालवा. केबिनमध्ये झोपू नका, पाठ धरते. यांची धरायची.

वहिनी

*

१९ मे

प्रिय वहिनी,

अजून वेळ लागेल हे वाचून वाईट वाटलं.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि दहा मिनिटं बाहेर बघत बसलो. रांग दोनदा सरकली, मागच्यानं हॉर्न दिला. वाईट वाटलं हे खरं आहे. पण आधी काय वाटलं ते लिहीत नाही.

एक बातमी आहे. फरशांच्या एका कारखान्याचा माणूस भेटला. रेल्वेनं येणारे त्यांचे सगळे कंटेनर वर्षभर एकाच गाडीनं उचलायचे आहेत. रोजचा ठरलेला माल. दलालाच्या दारात उभं राहायला नको, की आज आहे का आणि उद्या आहे का. दादा एकोणीस वर्षं असं काम शोधत होता, हे मला टाळ्यावाल्यानंच सांगितलं. कारखान्याच्या माणसाची अट एकच: ड्रायव्हर बदलायचा नाही. ‘तुम्हीच पाहिजे,’ म्हणाला, ‘तुमच्या हातून एक फरशी फुटली नाही.’

मी हो म्हटलंय. दादाला तूर्त सांगू नका. तो बरा झाला की बघू. गाडी त्याचीच आहे, मी बदलीचा माणूस, हे मी विसरलेलो नाही. रोज सकाळी किल्ली फिरवताना स्वतःला आठवण करून देतो.

तुमचा,
भाऊजी

*

८ जून

भाऊजी,

आज दवाखान्यात पेशंट कमी आहेत. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता आहे, वर मोठी अक्षरं, खाली बारीक. एवढा वेळ मी त्याच्याकडेच बघत बसले होते. आता लिहूनच टाकते.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. डॉक्टर ‘अजून वेळ लागेल’ म्हणाले नव्हते. त्यांनी तपासलं आणि नंतर मला बाहेर चिठ्ठी आणून दिली. गाडी चालवायला हरकत नाही, असं तिच्यावर सहीनिशी लिहिलंय. मी ती पर्समध्ये टाकली. वाटेत यांनी विचारलं, ‘काय म्हणाले?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अजून वेळ आहे.’ मला वाटलं होतं, घरी गेल्यावर खरं सांगेन. त्याला सहा आठवडे होऊन गेले. चिठ्ठी इथं माझ्या टेबलाच्या खणात आहे, चष्म्यांच्या पावत्यांखाली.

तुम्हाला तो सप्टेंबरमधला दिवस माहीत आहे, पण ऐकीव. फोन मला आला होता. अनोळखी आवाज: ‘ट्रकवाल्यांचं घर का?’ मी हो म्हटलं तर पलीकडे कुणी बोलेच ना. नुसती माणसांची पळापळ ऐकू येत होती. ती दोन मिनिटं, भाऊजी. नंतर कळलं की कंटेनरमधली पिंपं वाटेत सरकून दाराला टेकली होती, यांनी दार उघडायची दांडी उचलली आणि दार पिंपांसकट अंगावर आलं. पण त्या दोन मिनिटांत मी तेवीस वर्षांचा संसार गुंडाळून ठेवला होता.

म्हणून लपवली. आणि तेवढ्यासाठीच नाही, तेही सांगते. मला हा माणूस घरात हवा होता. संध्याकाळी दिवा लागलेला हवा होता. हा स्वार्थ आहे, कळतंय मला.

पण आता मला भीती वाटते ती वेगळीच. हे घरात आहेत आणि रोज थोडे थोडे कमी होतायत. बोलणं कमी, जेवण कमी. काल खिडकीतून गाडी गेली, भरलेली की रिकामी ते सांगितलंच नाही. मी कान देऊन वाट बघत होते.

काय करू? तुम्ही सांगाल तसं करते.

वहिनी

*

१५ जून

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मला हायसं वाटलं होतं, म्हणजे मागचं, एप्रिलचं. ‘अजून वेळ लागेल’ वाचून मी गाडीत बसून शीळ वाजवली होती. माझा सख्खा भाऊ लंगडतोय आणि मी शीळ वाजवतोय. तुम्ही स्वार्थाचं लिहिलंत म्हणून मीही लिहितो.

आणखी एक. गोदामातली रजा वगैरे आता काही नाही. मी एप्रिलमध्येच राजीनामा दिला. तुम्ही चिठ्ठी खणात टाकलीत त्याच्या आगेमागेच. दोघांनाही कळवलं नाही. त्या खुर्चीचा विचार केला तरी गुडघे आखडतात.

तेव्हा दादाला गाडी परत दिली की मी कुठं जायचं? त्रेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याला आत्ता कुठं कळलंय की आपल्याला काय येतं.

चिठ्ठी त्याच्या हातात द्यायला हवी, हे तुम्हाला कळतं, मलाही कळतं. पण मी तसं करा म्हणणार नाही. जुलैअखेरपर्यंत थांबा. एवढा एक महिना. मग मी स्वतः घरी येतो, दोघं मिळून सांगू. चिठ्ठी खणातच राहू दे.

रांग सरकली. टपालपेटी गेटाशीच आहे, टाकतो.

भाऊजी

*

२४ जून

भाऊजी,

तुम्ही पाकिटावर घरचा पत्ता घातलात.

लहानपणापासून लिहायची सवय, हात वळला असेल. तुम्हाला दोष देत नाही. मी सोमवारी सहाला घरी आले तर हे टेबलाशी बसलेले, पुढ्यात पत्र, घड्या उलगडून सपाट केलेलं. म्हणाले, ‘तुझ्या नावाचं होतं. उघडायला नको होतं. त्याचं अक्षर बघितलं आणि वाटलं गाडीचं काहीतरी असेल.’ मी पर्स धरून तशीच उभी. मग म्हणाले, ‘भूक लागलीय का तुला?’ उठले, डाव्या हातानं अंडी फोडली, दोघांना वाढून घेतलं. आम्ही जेवलो. भांडले असते, ताट आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी उठले तर पिशवी नाही, आणि काठी दाराशी टेकवून ठेवलेली.

फोनवर तुम्ही फक्त ‘पोचला’ म्हणालात आणि मागं इंजिनाचा आवाज. मी ‘कसे आहेत’ विचारेपर्यंत फोन बंद. त्यानंतर मीही केला नाही. कोणत्या तोंडानं करू? चिठ्ठी या पाकिटात घातलीय. त्यांना द्या.

काय झालं ते सगळं लिहा. माझ्यासाठी काही गाळू नका.

वहिनी

*

२९ जून

प्रिय वहिनी,

काही गाळत नाही.

मंगळवारी दुपारी मी यार्डाच्या रांगेत सातवा होतो. आरशात बघितलं तर मागून एक माणूस एकेक गाडीचा नंबर वाचत येतोय, एक खांदा खाली. दादा. त्यानं पलीकडचं दार उघडलं. पायरी उंच आहे, त्याला तीन प्रयत्न करावे लागले. हात पुढं करायची माझी हिंमत झाली नाही. बसला. इकडेतिकडे बघितलं.

‘सीट पुढं घेतलीस.’

‘हो.’

‘आरसेही.’

‘हो.’

‘लाईन सरकलीय. चल.’

एवढंच. कंटेनर चढला, कुलपं लावली, फाटकाबाहेर पडलो. मी गिअर टाकला की त्याचा डावा पाय हलत होता, क्लच दाबल्यासारखा. मी म्हटलं, ‘दादा, चालव ना तू.’ तो म्हणाला, ‘समोर बघ.’

कारखान्यात मी गाडी धक्क्यासमोर उभी केली. मागं घेण्याआधी दारं उघडावी लागतात. मी सील कापायला उतरलो, तर तो माझ्या आधी मागं जाऊन उभा. ‘बाजूला हो,’ म्हणाला. त्यानं सील कापलं. दांडीवर हात ठेवला. आणि वहिनी, तो तसाच उभा राहिला. दांडी उचलेना. दाढीतून घाम टपकत होता. गोदामातला माणूस वरून ओरडला, ‘काका, फोटो काढायचाय का?’ दादानं हात काढून घेतला आणि केबिनमध्ये जाऊन बसला. दार मी उघडलं.

परतताना त्यानं विचारलं, ‘गोदामात परत का जात नाहीस?’ मी म्हटलं, ‘बसवत नाही रे आता.’ मला वाटलं, आता तोंड सोडेल. तर तो हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ‘गाढवा,’ म्हणाला, ‘हा आजार आपल्या घरातलाच आहे. मला वाटलं होतं तुला त्याची लस टोचली असेल लहानपणी.’

तुमचं पत्र आलं तेव्हा चिठ्ठी त्याला दिली. वाचली आणि खिशात ठेवली. तुमच्यासाठी म्हणाला, माझं मी लिहितो. पेन मागून घेतलंय. तीन दिवस झाले, दोन कागद फाडलेत.

तुमचा,
भाऊजी

*

२ जुलै

प्रिय,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. चुका काढू नकोस.

पहिलं हे. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तू बाहेर फी भरायला गेलीस तेव्हा. खांद्यावर थाप मारून म्हणाले, जा, चालवा गाडी. मग तू वाटेत म्हणालीस, अजून वेळ आहे. मी मान डोलावली. तू खोटं बोलत होतीस हे मला तेव्हाच कळलं होतं. मला सुटल्यासारखं झालं. त्यानंतर दोन महिने मी तुझ्या खोट्याआड लपून राहिलो.

मी रोज हायवेला जात होतो ते फिरायला नाही. तिथं गाड्या थांबतात. ड्रायव्हर चहाला गेले की मी मागं जाऊन कंटेनरच्या दाराला हात लावून उभा राहायचो. नुसता लावायचा. एखाद्या दिवशी दांडी धरायचो. उचलायला जमलं नाही. एकदा एकानं चोर समजून हाकललं. घरी येऊन हात धुवायचो, पण गंज निघत नाही लवकर. तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं की नाही, माहीत नाही.

तुम्ही दोघांनी मला कोंडलं म्हणून मी चिडलो होतो. पाच तास बसमध्ये मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होतो. भांडण संपलं नाही, बस संपली. यार्ड दिसलं. मग त्या दारासमोर उभा राहिलो तेव्हा कळलं की कोंडणारे तुम्ही नव्हता.

आता खबर. चालवणं जमतं. परवा मोकळ्या जागेत चालवली, मग रस्त्यावर साठ किलोमीटर. खांदा दुखतो पण ऐकतो. काल रिकाम्या कंटेनरचं दार उघडलं. आत काही नाही हे माहीत असून दोन मिनिटं लागली. भरलेल्याचं अजून नाही. धाकटा शेजारी उभा राहतो, तोंड दुसरीकडे करून. त्याला वाटतं मला कळत नाही.

तो चांगला चालवतो. माझ्यापेक्षा मऊ. त्याला सांगू नकोस. कारखान्याचं काम त्याच्या नावावर राहील. मी जाऊन त्या माणसाशी बोललो. पंधरा दिवस हा, पंधरा दिवस मी. तो आधी नाही म्हणाला. मी म्हटलं, याला चालवायला कुणी शिकवलं ते विचार. मग तयार झाला. पण भरलेलं दार उघडता येईल तेव्हाच मी. तोवर याच्या शेजारी.

म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस मी घरी. तेवीस वर्षांत एवढा कधी नव्हतो. तुला चालेल का, ते विचारायचं होतं. आधी कधी विचारलं नव्हतं.

सोमवारपासून रोज भरलेलेच आहेत.

तुझा

*

६ जुलै

अहो,

मायना काय लिहावा इथंच अर्धा तास गेला. तेवीस वर्षांत तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. डॉक्टरांनी विचारलं, पुन्हा दिराचं का? मी म्हटलं, नाही, या वेळी नवऱ्याचं. तर त्यांना वाटलं, आमचं काही बिनसलंय.

चुका काढत नाही. पण रागावले आहे. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला दोन महिने चोरासारखं जगू दिलंत. खण उघडताना आधी दाराकडे बघायचे. आणि तुम्ही तिकडे हायवेवर उभे, मी इकडे तुमचे लाल हात बघून कठड्याच्या कल्पना करतेय! एका छपराखाली दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. सांगितली असती तर निदान भीती तरी वाटून घेतली असती.

पंधरा दिवस चालेल का म्हणून विचारलंत. मला बाराही महिने हवे होते. पण दोन आठवडे घर रिकामं आहे आणि माझं मलाच कळेना, मी खोल्यांमधून का हिंडतेय. रस्त्यावर गाडी गेली की थांबते. ऐकते. भरलेली की रिकामी ते मला अजून कळत नाही. मला वाटायचं, अस्वस्थ तुम्ही आहात आणि मी घर धरून आहे. मीही जागच्या जागी फिरतच होते, फक्त कुणी बघत नव्हतं. पंधरा चालतील. पण आलात की पाहुण्यासारखं यायचं नाही.

डॉक्टरांकडे तीन दिवसांची रजा मागितली. बुधवारी सकाळच्या बसनं निघते, दुपारपर्यंत यार्डाच्या गेटावर येते. मला गाडीत बसायचं आहे. इतकी वर्षं तिच्याशी भांडले, आत एकदाही बसले नाही. आणि तुम्ही ते भरलेलं दार उघडाल तेव्हा मला तिथं असायचं आहे. नको म्हणू नका. मागच्या वेळी मी फोनवर होते. ती दोन मिनिटं मला पुन्हा कानांनी काढायची नाहीत.

भाऊजींना सांगा, तोंड फिरवून उभं राहायची गरज नाही, मी समोर बघत उभी राहणार आहे.

तुम्ही फक्त कुठं उभं राहायचं तेवढं दाखवा, म्हणजे दार अंगावर येणार नाही.

तुमची